परिविक्षेचा बाँड, मोडल्यावरचा तुरुंग आणि ई-मुलाकात: सांगली-साताऱ्यातल्या घरांसाठी परीक्षण

शेताच्या बांधावरून मारामारी झाली, केस चालली, गुन्हा शाबीत झाला आणि तरीही न्यायाधीशांनी पोराला तुरुंगात न धाडता घरी पाठवलं, असं आपल्याकडच्या कोर्टांत घडतं. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाने ही सोय दिलेली आहे. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन: चांगलं वागण्याचा बाँड, म्हणजे बंधपत्र, लिहून घेऊन दोषी माणसाला घरी सोडणं, आणि गरज वाटली तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणं. या परीक्षणात तीन गोष्टी तपासल्या आहेत: परिविक्षा अधिकाऱ्याची सेवा, बाँड मोडल्यावर मागे लागणारी कोर्टाची प्रक्रिया, आणि आत गेलेल्या माणसाला भेटण्यासाठीची ई-मुलाकात, म्हणजे भेटीची ऑनलाइन नोंदणी. परिविक्षेला मी पाचपैकी चार गुण देतो, ई-मुलाकातीला तीन. परिविक्षेचा चौथा गुण मात्र अधिकाऱ्याला वेळेवर कळवणाऱ्यालाच मिळतो. बहुतेक घरं नव्या गुन्ह्यामुळे अडचणीत येत नाहीत. गाव सोडताना कळवलं नाही, एवढ्या कारणाने येतात.

आधी कागद नीट ओळखा. प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत लिहून दिलेला चॅप्टर केसचा बाँड वेगळा. तो शांतता राखण्यासाठी असतो आणि त्यात कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नसतो. जामिनाच्या अटीप्रमाणे पोलीस ठाण्यात द्यायची हजेरी वेगळी. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याला मिळणारी अभिवचन रजा (पॅरोल) आणखी वेगळी. परिविक्षेत कोर्टाने माणसाला दोषी ठरवलेलं असतं, फक्त शिक्षा सुनावणं राखून ठेवलेलं असतं. किती महिने आत जायचं हा आकडा त्या दिवशी ठरतच नाही. म्हणून ‘सुटलो’ म्हणून पेढे वाटण्याआधी निकालपत्राची नक्कल वाचून घ्यावी.

ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्यात ही सोय नाही. अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात १८ वर्षांवरच्या आरोपीला ती मिळत नाही. अमली पदार्थांच्या बहुतेक कलमांतही नाही. याउलट २१ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कायदा कोर्टालाच बांधून घालतो. जन्मठेपेपर्यंत न जाणारा गुन्हा असेल तर परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि तुरुंगातच पाठवायचं ठरलं तर कारणं लिहून ठेवायची. वय मोजायचं ते दोषी ठरण्याच्या वेळचं, गुन्हा घडला तेव्हाचं नव्हे. केस लांबली आणि मुलगा २१ ओलांडून गेला तर हे कवच जातं. वकिलांना तारखा मागू देताना घरच्यांनी हा हिशोब डोक्यात ठेवावा.

परिविक्षा अधिकारी महाराष्ट्रात महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून काम करतो, पोलीस ठाण्यातून नाही. लोकांची पहिली चूक इथेच होते. चौकशीला माणूस दारात आला की घरचे त्याला पोलीस समजून तोंड बंद करतात, नाहीतर ‘पोरगा इथं राहतच नाही’ म्हणून मोकळे होतात. हे एक वाक्य अहवालात गेलं की मामला फिरतो, कारण कायद्याला हवं असतं ते आरोपीचं किंवा जामीनदाराचं कायमचं राहण्याचं ठिकाण, नाहीतर त्या भागातला नेमाचा कामधंदा. अधिकारी घर बघतो, घरात कमावतं कोण ते विचारतो, शेजाऱ्यांशी, सरपंचाशी, पोलीस पाटलाशी, मालकाशी बोलतो. रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, कामावरच्या मालकाची चिठ्ठी आणि शाळेचा दाखला एका पिशवीत तयार ठेवावा. दारूचं व्यसन असेल तर ते लपवू नये. उपचार सुरू केल्याचा कागद दाखवावा. लपवलेलं व्यसन शेजारी सांगतोच. अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश आरोपीला सांगून त्यावर म्हणणं मांडण्याची संधी कोर्ट देऊ शकतं. वकिलाने ती मागायला हवी, आणि फार थोडे वकील ती मागतात.

बाँडची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. देखरेखीचा आदेश असेल तर ती देखरेख किमान एक वर्षाची. जामीनदार लागेल की स्वतःचं बंधपत्र पुरेल हे कोर्ट ठरवतं. जामीनदार लागला तर सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला निघायला वेळ जातो, तेव्हा निकालाच्या तारखेआधीच अर्ज घालून ठेवावा. राहण्याचं ठिकाण, नशापाणी न करणं, ठराविक लोकांपासून लांब राहणं अशा अटी आदेशात घालता येतात. या अटी समजावून सांगणं आणि आदेशाची प्रत आरोपीला, प्रत्येक जामीनदाराला आणि परिविक्षा अधिकाऱ्याला देणं हे कोर्टाचं काम आहे. प्रत हातात पडल्याशिवाय कोर्टाच्या आवारातून निघू नका. फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायचा आदेश असेल तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते. ती नाझराकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्याकडे, भरून पावती जपून ठेवावी. फिर्यादीच्या हातात रोख दिलेल्या पैशाला पुरावा उरत नाही.

आता बाँड मोडतो कुठे, ते. खानापूर-आटपाडी-तासगाव पट्ट्यातली पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. मामाचं किंवा चुलत्याचं दुकान तमिळनाडूत, केरळात नाहीतर उत्तरेत, आणि निकाल लागला की घरचे म्हणतात, ‘इथं नको, तिकडं पाठवू, डोकं शांत होईल.’ हेतू चांगलाच असतो. पण आदेशात राहण्याचं ठिकाण म्हणून गावाचं नाव लिहिलेलं असेल तर एसटीत बसल्या दिवशीच अट मोडते. माण-खटाव-पाटणकडून मुंबईला माथाडीच्या कामाला जाणाऱ्यांचं तेच, जतकडून टोळीबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं तेच. मिरजेच्या माणसाला कागवाड-अथणी परकं वाटत नाही, बाजारहाट आणि सोयरीक तिकडचीच, पण राज्य बदलतं आणि कोर्टाची हद्दही. यावर उपाय कायद्यातच आहे. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट बाँडच्या अटी बदलू शकतं. त्यासाठी जाण्याआधी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा. त्यात नवा पत्ता, मालकाचं नाव आणि फोन, कामाचं स्वरूप, किती महिन्यांसाठी आणि तिथून संपर्क कसा ठेवणार, हे लिहायचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही, अधिकाऱ्याची बदली झाली की मुळीच नाही. एक मात्र ध्यानात घ्या: अटी बदलताना जामीनदाराचंही ऐकून घेतलं जातं. त्याने नकार दिला तर नवं बंधपत्र मागितलं जातं, आणि ते दिलं नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. म्हणून आधी जामीनदाराशी बोला, मग अर्ज द्या.

दुसरं कारण हजेरी. जामिनाच्या काळात पोलीस ठाण्यात सही करण्याची सवय लागलेली असते, म्हणून निकालानंतरही पोरगा ठाण्यातच जातो आणि परिविक्षा अधिकाऱ्याकडे त्याची गैरहजेरी साचत राहते. आजारी पडलात, लग्नकार्य आलं, पुराने रस्ता बंद झाला तर त्याच दिवशी फोन करून नंतर कागद द्यावा. तिसरं कारण जत्रेतली दारू आणि त्यातून झालेलं भांडण. अदखलपात्र तक्रारसुद्धा अहवालात येऊ शकते. चौथं कारण जामीनदार. तो वारला, जमीन विकून गेला किंवा रुसला तरी कोर्टाला कळवायचं असतं हे कुणालाच ठाऊक नसतं.

अट मोडल्याचं अधिकाऱ्याच्या अहवालातून किंवा इतर कुठूनही कोर्टाला कळलं की परिविक्षा अधिनियमाचं नववं कलम लागतं. आरोपीवर वॉरंट निघू शकतं, किंवा त्याला आणि जामीनदाराला समन्स जातं. हजर झाल्यावर कोर्ट त्याला कोठडीत ठेवू शकतं किंवा सुनावणीच्या तारखेपर्यंत जामीन देऊ शकतं. सुनावणीत दोन वाटा आहेत. अट मोडल्याची खात्री पटली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावता येते. चूक पहिल्यांदाच झालेली असेल तर बाँड चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड करता येतो. हा ५० रुपयांचा आकडा १९५८ पासून तसाच आहे आणि तो ऐकून लोक गाफील राहतात. पहिली गोष्ट, दंड करायचा की शिक्षा सुनावायची हे कोर्टाच्या मर्जीवर आहे, आरोपीच्या हक्कावर नाही. दुसरी, दिलेल्या मुदतीत ते ५० रुपये भरले नाहीत तरी मूळ शिक्षा सुनावता येते. तिसरी, ही सवलत पहिल्या चुकीपुरतीच आहे.

समन्स आलं तर पळू नका. पळालेल्या माणसाबद्दल कोर्टाचं मत कागद उघडण्याआधीच बनतं. सुनावणीला जाताना आवक शिक्क्याचे अर्ज, दवाखान्याचे कागद, पगाराच्या पावत्या आणि नुकसानभरपाई भरल्याच्या पावत्या घेऊन जावं. मुद्दा एकच मांडायचा: चूक झाली, पण लपून राहण्याचा हेतू नव्हता. वकिलाला सांगून अपिलासाठी शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागणारा अर्ज आधीच टाइप करून ठेवावा. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील करण्यापुरता जामीन शिक्षा देणारं कोर्टच देऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३० व्या कलमात ही तरतूद आहे. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायची मुदत ३० दिवसांची. अर्ज तयार नसला की संध्याकाळी गाडी कारागृहाकडे निघते आणि पुढचे काही दिवस विनाकारण आत जातात. खटल्याच्या काळात आधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ते आपोआप मोजले जातील असं न धरता अटकेची आणि सुटकेची तारीख वकिलाकडून निकालपत्रात नोंदवून घ्यावी.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. कोठडीत असलेल्या माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. ही सेवा लोक शेवटी आठवतात, ती पहिल्या तारखेलाच आठवायला हवी.

शिक्षेइतकाच दुसरा एक तोटा आहे आणि साताऱ्याच्या भरतीवेड्या गावांना तो जास्त झोंबतो. परिविक्षेवर सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता परिविक्षा अधिनियमाचं बारावं कलम दूर करतं. बाँड मोडून मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली की हे संरक्षण जातं. संरक्षण असतानाही दोषसिद्धी पुसली जात नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीच्या फॉर्मवर विचारलं असेल तर ती लिहावीच लागते, आणि चारित्र्य पडताळणीत ती लपवल्याचं निघालं तर ते लपवणंच आड येतं. पहाटे माळावर धावणाऱ्या पोरांच्या आयांना हे कुणीतरी घरी जाऊन सांगायला हवं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आत गेल्यावरचं सांगायचं तर पहिला दिवस सगळ्यात जड. गेटवर झडती होते, अंगावरचे दागिने, पाकीट, पट्टा, मोबाईल काढून नोंद होते, डॉक्टर तपासतात. रक्तदाब, साखर, फिट्स, मानसिक आजार यांची औषधं चालू असतील तर त्या तपासणीतच सांगायचं आणि चिठ्ठी द्यायची, कारण नंतर घरून आलेल्या गोळ्या डॉक्टरच्या परवानगीशिवाय बराकीत पोचत नाहीत. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो, स्वतःचे कपडे घालतो, पक्क्याला पांढरा पोशाख मिळतो. सक्तमजुरी असेल तर नेमून दिलेलं काम करावं लागतं आणि त्याची मजुरी खात्यावर जमा होते. साध्या कैदेत कामाची सक्ती नसते, तरी काम मागून घेतलेलं बरं, कारण बसून काढलेला दिवस संपता संपत नाही.

पहाटे कुलूप निघतं, गिनती होते, मग पाणी आणि संडासासाठी रांग. चहा-नाश्ता, सकाळीच उरकणारं जेवण, दुपारी पुन्हा बराक. चपाती, भात, डाळ, भाजी हा नेहमीचा शिधा. संध्याकाळचं जेवण उजेड असतानाच वाटतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा गिनती होऊन कुलूप पडतं. त्यामुळे रात्री नऊला जेवणाऱ्या माणसाची पहिले काही दिवस उपासमार होते. जुने कैदी वाटलेली चपाती कापडात गुंडाळून ठेवतात आणि उशिरा खातात. दिवा रात्रभर चालू असतो. झोपायची जागा गर्दीवर ठरते, आणि नव्याला ती सहसा संडासाच्या बाजूची मिळते. पैसे हातात ठेवता येत नाहीत. मनीऑर्डरने आलेली रक्कम बंद्याच्या, म्हणजे कैद्याच्या, नावावर जमा होते आणि त्यातून कँटीनमध्ये साबण, तेल, बिस्किटं घेता येतात. मनीऑर्डरवर बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक हवा. एकाच नावाचे दोघे निघाले तर रक्कम अडकून पडते. कुणाची उधारी करू नये, कुणाचं पार्सल ठेवून घेऊ नये, आपल्या केसची माहिती बराकीत वाटू नये. कारागृहातले नियम मोडले तर मुलाखत बंद होऊ शकते आणि चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारे माफीचे दिवसही कापले जातात. स्त्री कैद्यासोबत तिचं सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं.

मुलाखतीला जाण्याआधी माणूस नक्की कुठे आहे ते शोधा. सांगलीत कोर्ट विजयनगरला आणि जिल्हा कारागृह जुन्या शहरात, गणेशदुर्गाच्या आवारात, म्हणजे दोन टोकांना. वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जुलै १९४३ ला ज्या तुरुंगातून उडी घेतली तोच हा. वास्तू जुनी आहे आणि कृष्णा जवळ आहे. मोठा पूर आला की इथले कैदी हलवावे लागू शकतात, तेव्हा पावसाळ्यात भेट ठरलेली असली तरी निघण्याआधी खात्री करून घ्यावी. मोठी शिक्षा झालेल्यांना सहसा कोल्हापूरच्या कळंबा नाहीतर पुण्याच्या येरवडा कारागृहात पाठवतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत आहे, औंध संस्थानाने १९३९ साली सुरू केलेली, जिथे निवडक कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. पण छोट्या शिक्षेच्या माणसाने तिची आशा धरू नये. ती दीर्घ शिक्षेत चांगलं वागलेल्यांसाठी आहे.

ई-मुलाकातीला तीन गुण का, ते आता. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर नवी नोंदणी उघडायची. भेटणाऱ्याचं नाव, पत्ता, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, मोबाईल, ईमेल भरायचा. मग राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय, नातं. समक्ष की व्हिडिओ हे निवडायचं, ओटीपी टाकायचा, आलेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवायचा. नोंदणी झाली म्हणजे भेट ठरली असं नाही. कारागृहाने मंजूर केल्यावरच ती पक्की. कामाची मजुरी बुडवून गेटवर ताटकळण्यापेक्षा हे खूप चांगलं आहे, आणि जत किंवा महाबळेश्वरच्या वाडीवरून सातारा-सांगली गाठणाऱ्या म्हाताऱ्या आईसाठी व्हिडिओची सोय मोलाची आहे.

गुण कापले ते नावांपायी. फॉर्म इंग्रजीत, आणि अर्ज अडकतो तो स्पेलिंगवर. वॉरंटवर एक, आधारवर दुसरं. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव राहिलेलं असेल तर नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा लग्नाचा दाखला बरोबर हवा. बंद्याचं नाव वॉरंटवर जसं आहे तसंच भरावं, घरात हाक मारतात तसं नाही. व्हिडिओ भेटीची लिंक ईमेलवर येते, त्यामुळे गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिला तर भेटीच्या वेळी दुकान बंद असतं. स्वतःचा ईमेल काढून घ्या. शिक्षा झाल्यावर बंदी कळंब्याला गेला आणि अर्ज सांगलीलाच केला, तर तो नामंजूर होतो. भेट कितीदा मिळेल हे बंदी कच्चा की पक्का यावर अवलंबून असतं. समक्ष जाताना मूळ ओळखपत्र न्या, मोबाईल घरी किंवा गाडीत ठेवा, आणि खिशातली तंबाखूची नाहीतर माव्याची पुडी आधी काढून टाका. ती आत नेणं हा गुन्हा आहे, आणि भेटायला गेलेल्या भावावरच केस होते. घरचा डबा कोर्टाच्या आदेशाशिवाय आत जाईल असं धरू नये.

बाँड नीट पाळणाऱ्यांसाठी एक सोय राहून गेली. वागणूक चांगली असेल आणि देखरेखीची गरज उरली नसेल तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट मुदतीआधीच बाँड रद्द करू शकतं. आरोपीला तो अर्ज स्वतः करता येत नाही, अधिकाऱ्यालाच करावा लागतो. तेव्हा देखरेखीचं पहिलं वर्ष पूर्ण झालं की हजेऱ्यांची नोंद, मालकाची चिठ्ठी आणि भरपाईच्या पावत्या लावून अधिकाऱ्याकडे लेखी विनंती करावी. आदेश झाला किंवा मुदत संपली की त्याची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून घ्यावी. एक प्रत जामीनदाराला द्यावी, त्याच्या सातबाऱ्यावर किंवा दाखल्यावर कोर्टाचा बोजा राहिलेला नाही हे त्यालाही बँकेत दाखवावं लागतं.